सूत्र कोणाचं, भाष्य कोणाचं?

गेल्या अंकात एका उत्तराच्या ओघात मी लिहिलं होतं की, पातंजल योगसूत्रांचं पुस्तक विकत घेण्याआधी दुकानात उभ्याउभ्या दहा मिनिटं तरी चाळावं. नेमकं काय चाळायचं, ते मात्र सांगायचं राहिलं. त्यावर आलेल्या पत्रांपैकी चार इथे घेतली आहेत. पहिलं उत्तर लांबलं आहे, कारण पुढच्या तिन्ही उत्तरांची मुळं त्यातच आहेत.

प्रश्न : बाई, मी वीज मंडळातून निवृत्त झालो. आमच्या कऱ्हाडच्या योगवर्गात आम्ही रोज सकाळी पहिल्या पादाची, म्हणजे पहिल्या प्रकरणाची, सूत्रं म्हणतो. अर्थ कळावा म्हणून तीन पुस्तकं आणली, तर दुसऱ्याच सूत्रावर अडलो. ‘योगश्चित्तवृत्तिनिरोधः’ याचा अर्थ एकात ‘चित्ताच्या वृत्तींचा निरोध’, दुसऱ्यात ‘मनातले सर्व विचार थांबवणे’ आणि तिसऱ्यात ‘जीवात्म्याचे परमात्म्याशी मिलन’. शाळेत पन्नास गुणांचं संस्कृत होतं, तेवढीच शिदोरी. कुणावर विश्वास ठेवू?

उत्तर : तुम्ही तीन पुस्तकं शेजारीशेजारी उघडून ठेवलीत, हेच मोठं काम केलंत. बहुतेक जण एकच पुस्तक घेतात आणि जन्मभर त्यातल्या शब्दालाच पतंजलींचा शब्द समजतात.

आता तुमच्या सूत्राकडे पाहू. त्यात शब्द किती? योग, चित्त, वृत्ती, निरोध. संपलं. पहिल्या पुस्तकाने ते चारही शब्द जसेच्या तसे मराठीत ठेवले. त्याने कळलं काहीच नाही असं वाटेल, पण त्याने फसवलंही नाही. दुसऱ्याने दोन गोष्टी केल्या : ‘वृत्ती’च्या जागी ‘विचार’ आणला आणि ‘सर्व’ हा शब्द पदरचा घातला. दोन्ही चुका आहेत, आणि त्या चुका आहेत हे ग्रंथातूनच सिद्ध होतं, माझ्या मताची गरज नाही.

सहावं सूत्र काढा. ‘प्रमाणविपर्ययविकल्पनिद्रास्मृतयः’. वृत्ती पाच, आणि त्यात निद्रा आहे. गाढ झोप हा विचार आहे का? दहाव्या सूत्रात पतंजली निद्रेची व्याख्याही देतात, आणि त्यावर व्यासभाष्य, म्हणजे व्यासांच्या नावावर असलेली सूत्रांवरची जुनी टीका, फार सुंदर कारण सांगतं. माणूस उठल्यावर म्हणतो, ‘सुखमहमस्वाप्सम्’, मला छान झोप लागली. आठवण अनुभवाचीच होते, अनुभव नसता तर आठवण कशाची झाली असती? म्हणून झोप हीसुद्धा चित्ताची एक वृत्तीच, आणि समाधीत तिचाही निरोध करायचा. ‘विचार थांबवणे’ असं भाषांतर केलं की हा सगळा मुद्दाच गळून पडतो. मग डोळे मिटून डुलकी लागली तरी योग साधला असं वाटू शकतं.

‘सर्व’ची गोष्ट तर आणखी उघड आहे. दुसऱ्या सूत्रावरच्या भाष्याची सुरुवातच अशी : ‘सर्वशब्दाग्रहणात् सम्प्रज्ञातोऽपि योग इत्याख्यायते’. म्हणजे, सूत्रात ‘सर्व’ हा शब्द घेतलेला नाही, म्हणून संप्रज्ञात समाधीलाही योगच म्हणायचं. एका विषयावर चित्त एकाग्र आहे, एक वृत्ती अजून उरली आहे, तरीही तो योग आहे. भाष्यकार हात वर करून सांगतात की ‘सर्व’ नाही, आणि आपला भाषांतरकार नेमका तोच शब्द घालतो. यावरून काय कळतं? त्याने भाष्य उघडलेलंच नाही. कऱ्हाडच्या दुकानात उभे असाल तर पहिली परीक्षा हीच घ्या : दुसऱ्या सूत्राच्या अर्थात ‘सर्व’ किंवा ‘सगळे’ आहे का?

तिसऱ्या पुस्तकाबद्दल लिहिताना मला स्वतःचं सांगायला हवं. एका शाळेत मी अकरा वर्षं नववीच्या मुलांना ‘योग म्हणजे जोडणं, युज् धातूपासून’ असं फळ्यावर लिहून दिलं. आधार होता एका लहान पुस्तिकेचा. वडिलांकडचं जुनं पुस्तक घरातच होतं, ते मी उघडलं नव्हतं. उघडलं तेव्हा पहिल्याच सूत्रावर भाष्य म्हणतं, ‘योगः समाधिः’. आणि त्यावर वाचस्पतिमिश्र आपल्या ‘तत्त्ववैशारदी’ टीकेत स्पष्ट करतात की हा शब्द ‘युज समाधौ’ या धातूपासून आला आहे, जोडण्याचा अर्थ असलेल्या ‘युजिर् योगे’पासून नाही. पाणिनीच्या धातुपाठात हे दोन वेगळे धातू आहेत, एक चौथ्या गणातला, एक सातव्या. संस्कृत शिकवणाऱ्या बाईला हे माहीत असायला हवं होतं. त्या मुलांपैकी काही जण आता स्वतः योग शिकवतात आणि माझंच वाक्य पुढे सांगतात, याचं मला वाईट वाटतं.

भोजराजाने तर आपल्या ‘राजमार्तण्ड’ वृत्तीच्या (इथे वृत्ती म्हणजे टीका) आरंभीच म्हटलं आहे की, पतंजलींची वाणी अपूर्व, कारण तिने पुरुष (साक्षी चैतन्य) आणि प्रकृती (जड सृष्टीचं मूळ) यांच्या वियोगालाच योग म्हटलं. जोडणं तर नाहीच, उलट वेगळं ओळखणं. जीव-परमात्म्याच्या मिलनाचा अर्थ खोटा आहे असं मी म्हणत नाही. ‘योगयाज्ञवल्क्य’ या ग्रंथात ‘संयोगो योग इत्युक्तो जीवात्मपरमात्मनोः’ असं सरळ वचन आहे. पण ते त्या ग्रंथाचं. ते पतंजलींच्या सूत्राखाली अर्थ म्हणून छापलं की वाचकाची फसगत होते.

म्हणून पुस्तक निवडताना मी एकच गोष्ट आधी पाहते : कोणतं वाक्य कुणाचं आहे, हे मला डोळ्यांनी दिसतं का? सूत्र वेगळ्या ठळक अक्षरात, मग पदं सुटी करून त्यांचे अर्थ, मग सूत्राचा सरळ अर्थ, मग ‘व्यास म्हणतात’, ‘वाचस्पती म्हणतात’, आणि सगळ्यात शेवटी लेखकाचं स्वतःचं म्हणणं. लेखकाचं म्हणणं पटो न पटो, ते वेगळं दिसत असेल तर पुस्तक विश्वासू. हे सगळं एकाच परिच्छेदात कालवलेलं असेल तर लेखक कितीही मोठा साधक असो, अभ्यासाला ते पुस्तक घेऊ नये. हे कालवणं काही आजचं नाही. अल्बेरुनी या मध्य आशियातून आलेल्या विद्वानाने अकराव्या शतकाच्या सुरुवातीला या ग्रंथाचं अरबीत रूपांतर केलं, प्रश्नोत्तरांच्या रूपात. त्यात सूत्र आणि टीका एकमेकांत इतकी मिसळली आहेत की त्याच्यासमोर नेमकी कोणती टीका होती, हे अभ्यासकांना अजून शोधावं लागतं.

दुसरी परीक्षा भोजराजाकडूनच घ्या. ग्रंथारंभी त्याने टीकाकारांवर एक श्लोक लिहिला आहे. सारे टीकाकार काय करतात? जे अवघड आहे ते ‘अर्थ स्पष्ट आहे’ असं म्हणून सोडून देतात. जे स्पष्ट आहे त्याचा समास वगैरे सोडवत नको तेवढा विस्तार करतात. नको तिथे निरुपयोगी बडबड करून ऐकणाऱ्याचा गोंधळ वाढवतात. हजार वर्षांपूर्वीची ही तक्रार आजच्या निम्म्या पुस्तकांना तशीच लागू पडते. तेव्हा पुस्तक हातात आलं की सोपी सूत्रं पाहू नका. तिसऱ्या पादातलं तेरावं सूत्र काढा, ‘एतेन भूतेन्द्रियेषु धर्मलक्षणावस्थापरिणामा व्याख्याताः’. सगळ्या ग्रंथात याच्याइतकं लांब आणि कसदार भाष्य फार थोड्या सूत्रांवर आहे. मातीचा गोळा, मग घट, मग जुना घट. माती तीच, तर बदललं काय? या प्रश्नावर बौद्धांशी झालेला वाद तिथे आहे. त्या सूत्राला जर तीन ओळी दिल्या असतील आणि ‘स्थिरसुखमासनम्’ला चित्रांसह सहा पानं, तर पुस्तक परत फळीवर ठेवा.

तिसरी परीक्षा आमच्या गुरुवारच्या बैठकीत सापडली. आमच्या ओसरीवर सहा जण बसतात : एक औषधाच्या दुकानाचे मालक, एक एसटीचे निवृत्त चालक, दोन शिक्षिका, माझा पुतण्या आणि मी. प्रत्येकाकडे आपापलं पुस्तक. त्या दिवशी दुसऱ्या पादातलं सत्तेचाळिसावं सूत्र होतं, आसन सिद्ध कसं होतं ते सांगणारं. औषधवाल्यांनी वाचलं, ‘प्रयत्न सैल केल्याने आणि शेषनागावर चित्त स्थिर केल्याने’. शिक्षिकाबाईंनी वाचलं, ‘प्रयत्न सैल केल्याने आणि आकाशासारख्या अनंततेत चित्त लीन केल्याने’. एकाला नाग, एकाला आकाश. दोघेही आपापल्या पुस्तकावर बोट ठेवून माझ्याकडे पाहत होते.

मी वडिलांची प्रत उघडली. 1904 साली पुण्याच्या आनंदाश्रमाने काढलेली, काशिनाथशास्त्री आगाशे यांनी संपादित केलेली ही प्रत. पानांच्या कडा कसरीने खाल्ल्या आहेत, आणि वडिलांच्या शिसपेन्सिलीच्या खुणा आता इतक्या पुसट झाल्या आहेत की पान उजेडाकडे तिरपं धरावं लागतं. भाष्यात एवढंच आहे : ‘अनन्ते वा समापन्नं चित्तम्’, किंवा अनंताशी एकरूप झालेलं चित्त आसन सिद्ध करतं. अनंत म्हणजे काय, भाष्य सांगत नाही. वाचस्पती सांगतात : अनंत म्हणजे नागांचा नायक, ज्याच्या हजार स्थिर फण्यांवर पृथ्वी तोलून धरलेली आहे. हलायचं नाही, हे शिकायला याहून चांगलं ध्यान कोणतं? आणि त्याच बांधणीत पुढे भोजवृत्ती. तिथे सूत्राचा पाठच वेगळा आहे, ‘अनन्त’ नाही, ‘आनन्त्य’. एका ‘य’चा फरक. म्हणून भोजाला नाग दिसत नाही, आकाशाचं अनंतपण दिसतं.

तर दोन्ही पुस्तकं बरोबर होती, आणि दोन्ही अपुरी. एकाने वाचस्पतींचा अर्थ उचलला, दुसऱ्याने भोजाचा, आणि दोघांनीही नाव सांगितलं नाही. दोन शब्द जास्त लिहिले असते, ‘वाचस्पतींच्या मते’, तर ओसरीवरचा वाद झालाच नसता. त्या दिवशी चालकमामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘घाटात नवा माणूस स्टिअरिंग गच्च धरतो. त्याचे खांदे भरून येतात आणि गाडीही धड चालत नाही. जुना माणूस हात नुसता ठेवतो.’ मी त्यांना भाष्यातलं त्याच सूत्रावरचं पहिलं वाक्य वाचून दाखवलं : प्रयत्न थांबला की आसन सिद्ध होतं, त्याने अंगाला कंप सुटत नाही. त्यांनी ते वाक्य आपल्या वहीत उतरवून घेतलं.

आता प्रत्यक्ष काय घ्यायचं? तुम्हाला मराठीतून हवं असेल तर कृष्णाजी केशव कोल्हटकरांचं ‘भारतीय मानसशास्त्र’ या नावाचं सविवरण पातंजल योगदर्शन घ्या. जाडजूड आहे, भाषा जुन्या वळणाची आहे, एका बैठकीत चार पानांहून जास्त होत नाही. तरी मराठीत सूत्रावर सूत्र इतकं थांबून, अवघड जागा न चुकवता केलेलं विवरण मला दुसरं आवडलं नाही. कोल्हटकर स्वतःची मतंही भरपूर मांडतात, ती मतं म्हणूनच वाचा. हिंदी चालत असेल तर गीता प्रेसची दोन पुस्तकं आहेत. हरिकृष्णदास गोयन्दकांचं ‘पातञ्जलयोगदर्शन’ लहान आहे, शब्दार्थ आणि साधी व्याख्या, रोज पिशवीत ठेवण्याजोगं. स्वामी ओमानन्द तीर्थांचं ‘पातञ्जलयोगप्रदीप’ मोठं आहे, त्यात व्यासभाष्य आणि भोजवृत्ती यांचा आधार ठिकठिकाणी घेतलेला सापडतो, पण इतर दर्शनं, इतर साधना असं पुष्कळ आजूबाजूचंही आहे, तेवढं गाळून वाचायला शिकावं लागतं. विवेकानंदांचा ‘राजयोग’ तुमच्याकडे असेलच, मराठीत नागपूरच्या रामकृष्ण मठाने काढला आहे. तो 1896 मध्ये परदेशी श्रोत्यांसमोरच्या व्याख्यानांतून आला. बळ देणारं पुस्तक आहे, पण सूत्राचा शब्दशः अर्थ पाहायला ते वापरू नका, ते त्यासाठी लिहिलेलंच नाही.

आणि पन्नास गुणांच्या संस्कृताला कमी समजू नका. सूत्रांत क्रियापदं जवळजवळ नाहीतच. समास सोडवता आले की निम्मं कळतं. आनंदाश्रमाची प्रत मोठ्या ग्रंथालयांत मिळते. मराठी पुस्तक डाव्या हाताला आणि ती उजव्या हाताला ठेवून रोज एक सूत्र घ्या. पहिला पाद 51 सूत्रांचा आहे, दोन महिन्यांत होतो.

प्रश्न : मुलगी पाठांतर स्पर्धेसाठी योगसूत्रं पाठ करते आहे. तिच्या पुस्तकात एकूण 195 सूत्रं आहेत, परीक्षकांच्या यादीत 196. तिसऱ्या पादात मधूनच क्रमांक चुकायला लागतात. तिने चुकीचं पाठ केलं का? (रत्नागिरीहून एक आई)

उत्तर : मुलीचं काहीही चुकलेलं नाही, तिला आजच सांगा.

सगळा फरक तिसऱ्या पादात आहे. तिथे एकविसाव्या सूत्रात शरीराच्या रूपावर संयम (एकाच विषयावर धारणा, ध्यान आणि समाधी) केल्याने अंतर्धान होतं असं सांगितलं आहे. त्यानंतर काही पुस्तकांत ‘एतेन शब्दाद्यन्तर्धानमुक्तम्’, म्हणजे यावरूनच शब्द वगैरेंचं अंतर्धानही सांगितलं गेलं, हे बाविसावं सूत्र म्हणून येतं. तसंच वाक्य व्यासभाष्यात आधीच्या सूत्राच्या शेवटी आहे, म्हणून इतर संपादक त्याला भाष्य मानतात, सूत्र नाही. ते धरलं तर विभूतिपाद 56 सूत्रांचा आणि एकूण 196. सोडलं तर 55 आणि एकूण 195. तिथून पुढे पाद संपेपर्यंत एकाचा फरक राहतो. ‘नाभिचक्रे कायव्यूहज्ञानम्’ एका पुस्तकात 29वं, दुसऱ्यात 30वं.

असाच फरक चौथ्या पादातही भेटेल. ‘न चैकचित्ततन्त्रं वस्तु’ हे सोळावं सूत्र भोजाने सूत्र म्हणून घेतलेलं नाही. त्यामुळे भोजवृत्तीवर आधारलेल्या पुस्तकांत कैवल्यपाद 34 ऐवजी 33 सूत्रांत संपतो.

स्पर्धेसाठी संयोजकांची यादी मागून घ्या आणि ते एक सूत्र तिला जादा पाठ करायला सांगा, पाच मिनिटांचं काम आहे. पण पुस्तकाबद्दल एक सांगते. चांगल्या पुस्तकात हा फरक तळटीपेत किंवा प्रस्तावनेत नोंदलेला असतो. तुमच्या पुस्तकात तशी नोंद आहे का पाहा. नसेल तर त्या लेखकाने दुसरी प्रत पाहिलीच नाही असं समजा. आणि कोणी ‘दुसऱ्या पादातलं अमुक क्रमांकाचं सूत्र’ न म्हणता नुसतं ‘सूत्र 130’ असं म्हणत असेल, तर त्याला सूत्राचा पहिला शब्द विचारा.

प्रश्न : बाई, मी तुमची 1998 च्या दहावीची. आता म्युनिकमध्ये योग शिकवते. इकडे सगळे इंग्रजी पुस्तकं आणतात, आणि प्रत्येकाच्या पुस्तकात पतंजली वेगळंच बोलतात. वर्गासाठी कोणतं ठरवू? शिवाय इथे एक जण म्हणाला की व्यास नावाचा वेगळा भाष्यकार नव्हताच. खरं का?

उत्तर : तुझं पत्र वाचून फार आनंद झाला. तुझ्या तुकडीला मी ‘योग म्हणजे जोड’ शिकवलं असणार. वरचं पहिलं उत्तर आधी वाच, ते तुझ्यासाठीही आहे.

वर्गात सगळ्यांच्या हातात एक पुस्तक द्यायचं तर एडविन ब्रायंट यांचं 2009 सालचं पुस्तक दे. तो टीकाकारांची नावं घेऊन लिहितो, व्यास काय म्हणाले, वाचस्पती काय, विज्ञानभिक्षू काय, हे वाचकाला कळतं. तुझ्या स्वतःच्या टेबलावर मात्र जेम्स वूड्स यांचं 1914 चं भाषांतर ठेव, हार्वर्डच्या प्राच्य ग्रंथमालेतलं. त्यात सूत्र, भाष्य आणि तत्त्ववैशारदी हे तिन्ही संपूर्ण आहे. इंग्रजी खडबडीत आहे, मुलांना वाचून दाखवण्यासारखं नाही, पण कोणता शब्द कुणाचा, हे वूड्स कधीच लपवत नाहीत. हरिहरानन्द आरण्य यांचंही घे. ते बंगाली सांख्ययोगी संन्यासी, मधुपूरच्या मठात कित्येक वर्षं गुहेत राहिले. जो माणूस हे दर्शन जगला, त्याने भाष्यावर काय लिहिलं हे पाहायला ते पुस्तक हवंच. आपल्या पुण्याच्या अय्यंगारांचं 1993 चं पुस्तक तुझ्या विद्यार्थ्यांकडे असणारच. ते आसन-प्राणायामात आयुष्य घातलेल्या माणसाचं भाष्य आहे, शरीराच्या अनुभवातून बोलणारं. ते त्या आदराने वाचावं, आणि शब्दार्थासाठी वूड्सकडे जावं.

व्यासांबद्दल : तुझ्या ओळखीचा माणूस निराधार बोलत नाही. फिलिप मास यांनी 2006 मध्ये समाधिपादाची, म्हणजे पहिल्या पादाची, भाष्यासकट, अनेक हस्तलिखितं ताडून संशोधित आवृत्ती काढली. त्यांचं म्हणणं असं की सूत्रं आणि भाष्य हा मुळात एकाच कर्त्याचा एकच ग्रंथ, ‘पातञ्जलयोगशास्त्र’, साधारण चौथ्या-पाचव्या शतकातला. पादाच्या शेवटी जी समाप्ती येते तिच्यातही ‘पातञ्जले सांख्यप्रवचने योगशास्त्रे’ असं असतं, आणि पुष्कळ हस्तलिखितांत व्यासांचं नाव नसतं. ‘पातञ्जले’ हा शब्द आपल्या छापील प्रतीतही आहे, आणि आपण वर्षानुवर्षं त्यावरून नुसती नजर फिरवत आलो. सगळे अभ्यासक हे मानत नाहीत. मला स्वतःला मास यांची बाजू पुष्कळशी पटते. पण तू कोणतीही बाजू घेतलीस तरी व्यवहारात एकच निघतं : भाष्याशिवाय सूत्रं वाचता येत नाहीत. भाष्य बाजूला ठेवून ‘थेट पतंजली’ सांगणारं जे पुस्तक असेल, त्यात पतंजलींपेक्षा तो लेखकच जास्त भेटतो. त्या ‘सांख्यप्रवचने’ शब्दाकडेही लक्ष दे, म्हणजे सांख्यदर्शनाचं विवरण. तो शब्द मान्य असलेल्या लेखकाने पुरुष आणि प्रकृती यांना वेदान्तातल्या ब्रह्म-मायेत ढकललेलं नसतं. पहिल्या पादातलं चोविसावं सूत्र बघ, तिथे ईश्वराला ‘पुरुषविशेष’ म्हटलं आहे. जगाचा कर्ता असं तिथे म्हटलेलं नाही. तुझ्या वर्गातल्या किती पुस्तकांनी ‘कर्ता’ घातला आहे, ते मोज आणि मला कळव.

प्रश्न : मी रोज ज्ञानेश्वरी वाचतो. सहाव्या अध्यायात माउलींनी कुंडलिनीचं एवढं वर्णन केलं आहे, पण योगसूत्रांत मला कुंडलिनी सापडत नाही. माझ्याकडच्या योगसूत्राच्या पुस्तकावर सात चक्रांचं चित्र आहे आणि आतही चक्रांची प्रकरणं आहेत. मला दिसत नाही का, की पुस्तकात नाही? (पैठणहून)

उत्तर : दादा, तुम्हाला बरोबर दिसतं आहे. योगसूत्रांत कुंडलिनी हा शब्द नाही. ‘चक्र’ म्हणाल तर एकच, नाभिचक्र, आणि त्यावर संयम केल्याने शरीराच्या रचनेचं ज्ञान होतं एवढंच सांगितलं आहे. पुढे कूर्मनाडीचा एक उल्लेख येतो. सात चक्रांची मांडणी तिथे नाही. आसनाचंसुद्धा एकही नाव सूत्रात नाही, पद्मासन, वीरासन, भद्रासन ही यादी भाष्यात येते.

माउलींनी सहाव्या अध्यायात सांगितला तो पंथराज, म्हणजे कुंडलिनीयोगाचा मार्ग, नाथपंथातून, निवृत्तिनाथांकडून त्यांच्यापर्यंत आला. कुंकवात न्हालेलं नागिणीचं पिल्लू वेटोळं घालून निजावं, तशी कुंडलिनी, हे चित्र गीतेतही नाही आणि योगसूत्रांतही नाही. ते माउलींचं आणि त्यांच्या परंपरेचं आहे. त्याची किंमत त्यामुळे तसूभरही कमी होत नाही. उलट तुम्ही ते पतंजलींच्या सूत्रात शोधायला लागलात तर सूत्रही हातचं जाईल आणि ओवीही.

तो धागा धरायचा असेल तर स्वात्मारामांची ‘हठप्रदीपिका’ वाचा, हठयोगावरचा ग्रंथ. तिची लोणावळ्याच्या कैवल्यधामची आवृत्ती घ्या, स्वामी दिगंबरजी आणि रघुनाथशास्त्री कोकजे यांनी संपादित केलेली, 1970 ची. स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये सुरू केलेल्या या संस्थेत जुनी हस्तलिखितं मिळवून, ताडून ग्रंथ काढण्याची पद्धत आहे, म्हणून मी तिचं नाव घेते. हठयोगाच्या जुन्या भाषांतरांत एक गोष्ट जपून पाहावी लागते : वज्रोलीसारख्या, म्हणजे कामजीवनाशी संबंधित क्रियेच्या, विषयाचे श्लोक भाषांतरकाराला संकोच वाटला म्हणून गाळलेले असतात, आणि श्लोकांचे क्रमांक मात्र पुढे जुळवून घेतलेले असतात. ज्याने गाळून ‘इथे श्लोक गाळले आहेत’ असं लिहिलं, त्याच्यावर मी रागावणार नाही. न सांगता गाळलेलं पुस्तक घरात ठेवू नका.

आणि ते चक्रांचं चित्र असलेलं पुस्तक घेऊन बसा. ज्या ज्या ओळीत चक्र किंवा कुंडलिनी आहे, तिच्या शेजारी पेन्सिलीने लिहा : ‘सूत्रात नाही’. चौथा पाद येईपर्यंत तुमच्या पुस्तकात दोन वेगळी पुस्तकं दिसायला लागतील.